‘तूच काढून दे’ म्हणणारी मुलगी आणि तिचा ढुम्मा

तुमचा प्रश्न आधी थोडक्यात मांडते, म्हणजे इतर वाचणाऱ्यांनाही संदर्भ लागेल. मुलगी साडेचार वर्षांची. कागद दिला की दर वेळी तेच घर, तेच झाड आणि कोपऱ्यात तोच सूर्य. वेगळं काही काढ म्हटलं की उत्तर ठरलेलं, ‘मला नाही येत, तूच काढून दे.’ खेळण्यांनी कपाट भरलंय, पण दहा मिनिटांत ‘कंटाळा आला’ सुरू होतं. हस्तकलेचे संच आणून झाले, आता सर्जनशीलतेचा एखादा क्लास लावावा का, असं विचारलंत. आणि अगदी शेवटी, जाता जाता एक ओळ लिहिलीत: रात्री झोपताना ती ‘ढुम्मा’ नावाच्या कुणाशी तरी बोलते, तो कपाटामागे राहतो, त्याला गुडघे आहेत पण पाय नाहीत. आजीला हे बरं वाटत नाही, त्यावरही सांगा.

मी गेली २२ वर्षं बालवाडीत शिकवते आहे. तुमचं सगळं वाचून झाल्यावर शेवटच्या ओळीला मला हसू आलं. जिनं पाय नसलेला, नुसते गुडघे असलेला प्राणी कपाटामागे राहायला आणलाय, तिची कल्पनाशक्ती आपण वाढवायची म्हणजे काय करायचं? ती आहेच, आणि चांगली ठणठणीत आहे. रात्री अंधारात ती मोकळी सुटते आणि दिवसा, कागद समोर आला आणि तुम्ही शेजारी बसलात की दडी मारते. असं का होतं, हा खरा प्रश्न आहे.

ढुम्माचं आधी निपटून टाकते. काल्पनिक सवंगडी ही अगदी नेहमीची गोष्ट आहे. मार्जोरी टेलर या मानसशास्त्रज्ञ बाईंनी यावर बरीच वर्षं काम केलंय. २००४ साली प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या अभ्यासात सात वर्षं वयापर्यंत सुमारे ६५ टक्के मुलांना कधी ना कधी असा सवंगडी होता असं दिसलं. बाहुलीला किंवा कापडी प्राण्याला जिवंत मानून वागवणंही त्यात धरलं होतं. हा सवंगडी खोटा-खोटा आहे हे मुलांना बहुतेक वेळा पक्कं ठाऊक असतं. आपण फार गंभीर चेहरा करून चौकशी करायला लागलो, तर मूलच आपली समजूत काढतं, ‘अगं ताई, तो खरा नाहीये.’ तेव्हा आजींना निश्चिंत राहायला सांगा. ‘पाणी ढुम्मानं सांडलं’ असं आलं, तर ‘मग दोघं मिळून पुसा’ एवढं म्हणावं, खरं-खोटं करत बसू नये. आणि पाहुण्यांसमोर ‘सांग सांग, ढुम्मा कसा आहे ते’ असा कार्यक्रम मात्र करू नका. पुष्कळ ढुम्मा त्या कार्यक्रमानंतर घर सोडून जातात.

आता उरलेल्या तीन तक्रारी. त्या एकाच गोष्टीच्या वाटत असल्या तरी माझ्या मते वेगवेगळ्या आहेत. तेच तेच चित्र काढणं ही बहुधा तक्रारच नाही. ‘मला नाही येत’ ही खरी अडचण. आणि कंटाळा हा वेळेचा आणि कपाटाचा प्रश्न आहे.

तेच घर, तेच झाड. या वयात मूल रेघोट्यांतून बाहेर पडून वस्तूंसाठी स्वतःच्या खुणा तयार करत असतं. एक खूण जमली की ती पुन्हा पुन्हा काढण्यात त्याला तोच आनंद असतो, जो नुकतं सायकल चालवायला शिकलेल्याला त्याच गल्लीत वीस फेऱ्या मारण्यात असतो. तुम्ही एक करून बघा. चित्रांच्या मागे तारीख लिहीत जा आणि महिन्याभरानं पाच-सहा चित्रं जमिनीवर शेजारी-शेजारी मांडा. दार मोठं झालेलं असतं, झाडाला अचानक मुळं आलेली असतात, खिडकीतून कुणीतरी डोकावू लागलेलं असतं. वरून एकसारख्या दिसणाऱ्या घराच्या आत बरीच हालचाल चाललेली असते. मात्र एक प्रश्न स्वतःला विचारा: ते घर तिला पहिल्यांदा कुणी काढून दाखवलं? चौकोनावर त्रिकोण ठेवून ‘हे बघ घर’ असं एखाद्या मोठ्या माणसानं शिकवलं असेल, तर ते तिचं घर नाही, आपलं आहे. तिला ते पाठ झालंय, एवढंच. तसल्या चित्रात सहा महिन्यांतही काही बदलत नाही.

हे मी इतक्या ठामपणे सांगते, कारण ही चूक मी स्वतः केली आहे. नोकरीच्या पहिल्या-दुसऱ्या वर्षी मी फळ्यावर एक सुबक पक्षी काढला आणि मुलांना म्हटलं, आता तुम्ही काढा. तीस पक्षी निघाले, सगळे डावीकडे तोंड केलेले, माझ्याच पक्ष्याची पिल्लं. मी खूश होते. पुढच्या आठवड्यात मासा काढायचा होता. फळा कोरा होता, आणि निम्मी मुलं रंग हातात धरून माझ्या तोंडाकडे बघत बसली. एक जण म्हणाला, ‘ताई, तुम्ही काढल्याशिवाय कसं काढणार?’ त्याच मुलानं महिन्याभरापूर्वी, कुणी काही न सांगता, मातीत पंधरा माशांची मिरवणूक काढली होती.

असं का होतं, याचा एक छान प्रयोग २०११ साली प्रसिद्ध झाला आहे. एलिझाबेथ बोनाविट्झ आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी बालवाडीतल्या मुलांना एक नवंच खेळणं दिलं. त्यात चार करामती लपलेल्या होत्या, त्यातली एक म्हणजे नळी ओढली की आवाज यायचा. काही मुलांना ‘हे बघ, हे असं चालतं’ म्हणून आवाजाची करामत शिकवली. काहींसमोर ती जणू चुकून घडली. ज्यांना शिकवलं होतं, ती मुलं खेळण्याशी कमी वेळ खेळली आणि बाकीच्या करामती त्यांना कमी सापडल्या. मुलांचं यात काही चुकलं नाही. मोठ्या माणसानं दाखवलं म्हणजे दाखवण्यासारखं तेवढंच असणार, असा त्यांनी सरळ अर्थ लावला. शिकवू नये असा याचा अर्थ मी घेत नाही. कात्री कशी धरायची, डिंक किती घ्यायचा, ब्रश कसा धुवायचा हे शिकवावंच लागतं, आणि नीट शिकवावं. हत्यार कसं वापरायचं ते सांगावं, त्यानं काय करायचं ते सांगू नये, अशी माझी साधी वाटणी आहे.

मग ती ‘तूच काढून दे’ म्हणाली तर काय करायचं? ‘नाही, तुझं तूच काढ’ असं तोडून म्हटलं की मूल रडकुंडीला येतं किंवा कागद बाजूला सारतं. मी असं करते. समजा मांजर हवंय. आधी म्हणते, ‘चल, आपण मांजर होऊ.’ जमिनीवर रांगायचं, पाठ उंच करायची, शेपूट कुठे असेल तिथे हात धरायचा. मग विचारायचं, ‘आता तुझं सगळ्यात मोठं काय झालं होतं? पाठ? मग पाठ आधी काढू या का?’ अंगानं केलेली गोष्ट हाताला लवकर सुचते. दुसरी युक्ती म्हणजे डोळे मिटून कागदावर वेडीवाकडी रेघ मारायची आणि कागद फिरवत फिरवत त्यात काय दिसतंय ते शोधायचं. इथे कुणाचंच काही चुकू शकत नाही, कारण रेघ आधी आली आणि मांजर नंतर. तिसरी युक्ती तुमच्यासाठी: तुम्हीही शेजारी बसून आपलं काहीतरी काढा, आणि ते फार छान काढू नका. तुमची चित्रकला चांगली असेल, तर सरळ डाव्या हातानं काढा.

यात किती दिवस जातील ते मुलावर अवलंबून आहे. माझ्या वर्गात काही मुलं आठवड्यात सैल झाली, एकीला जवळजवळ सहा महिने लागले. आणि काही मुलांची कल्पनाशक्ती कागदावर कधी येतच नाही, हेही मान्य करायला हवं. एका मुलानं वर्षभर रंगांना हात लावला नाही. पण ठोकळ्यांचा त्यानं तीन मजली वाहनतळ बांधला होता, त्यात दोरीनं वर-खाली होणारी लिफ्ट होती, आणि लिफ्ट बिघडली तर गाड्यांनी उतरायचं कसं याचाही त्यानं विचार केलेला होता. कुणाचं बोलण्यात येतं, कुणाचं नाचण्यात, कुणाचं खोड्यांमध्ये. चित्र हे त्यातलं एकच दार आहे, आणि पालकांना तेच दिसतं, कारण ते भिंतीवर लावता येतं.

भिंतीवरून आठवलं, कौतुकाबद्दल बोलायलाच हवं. १९७३ साली लेपर, ग्रीन आणि निस्बेट यांनी केलेला प्रयोग मी दर वर्षी पालकसभेत सांगते. ज्यांना मुळातच चित्र काढायला आवडतं अशी तीन ते पाच वर्षांची मुलं त्यांनी निवडली. काहींना आधीच सांगितलं, चित्र काढलंस तर सोनेरी शिक्क्याचं आणि रिबिनीचं प्रशस्तिपत्र मिळेल. काहींना ते अचानक, न सांगता दिलं. काहींना काहीच दिलं नाही. एक-दोन आठवड्यांनी वर्गात नेहमीसारखे रंग मांडून ठेवले. ज्यांना बक्षीस आधी कबूल केलं होतं, ती मुलं बाकीच्यांच्या तुलनेत सुमारे निम्माच वेळ रंगांपाशी थांबली. अचानक बक्षीस मिळालेल्यांचं काही बिघडलं नव्हतं. म्हणजे बक्षीस वाईट नाही, सौदा वाईट. आवडीचं काम एकदा मोबदल्याचं झालं की मोबदल्याशिवाय ते कशाला करायचं?

‘वा, किती सुंदर!’ हाही छोटासा शिक्काच असतो. तुम्ही घराला ‘सुंदर’ म्हणालात, तर घर काढणं सुरक्षित आहे हे तिला कळलं. मग कासव काढून ते बिघडवायचा धोका ती कशाला पत्करेल? म्हणून मी मत देत नाही, दिसतंय ते सांगते: ‘इथे निळ्यावर पिवळा आलाय आणि बघ, हिरवं झालंय.’ ‘ही रेघ पार कागदाबाहेर गेली.’ सुरुवातीला हे बोलताना आपल्यालाच अवघडल्यासारखं होतं. आणि ‘हे काय आहे?’ विचारायचं तर टाळाच, निदान लगेच तरी. बऱ्याचदा काय आहे ते त्यांचं त्यांनाच ठरायचं असतं. विचारलंच, तर थांबा. मेरी बड रो या अमेरिकन अभ्यासकांनी १९७० च्या दशकात वर्गांतल्या ध्वनिफिती तपासल्या, तेव्हा शिक्षक प्रश्न विचारल्यावर सरासरी सेकंदभरच थांबतात असं दिसलं. तेच तीन सेकंद थांबले की मुलांची उत्तरं लांब झाली, आणि एरवी न बोलणारी मुलंही बोलू लागली. तीन सेकंद म्हणजे काही नाही असं वाटतं. मनात मोजून बघा, मध्ये तोंड उघडायची केवढी ऊर्मी येते ते.

आता कपाट. २०१८ मध्ये अमेरिकेतल्या टोलेडो विद्यापीठातल्या एका गटानं दीड ते अडीच वर्षांच्या ३६ मुलांना एकदा चार खेळणी दिली आणि एकदा सोळा. चारच असताना मुलं एकेका खेळण्याशी जास्त वेळ आणि जास्त तऱ्हांनी खेळली. तुमची मुलगी त्याहून मोठी आहे, पण माझा अनुभव साडेचार वर्षांनाही तोच आहे. दोन-तृतीयांश खेळणी खोक्यात भरून माळ्यावर टाका, महिन्यानं अदलाबदल करा. खाली काय ठेवायचं? १९७१ साली सायमन निकल्सन यांनी सुट्या भागांची एक कल्पना मांडली: आजूबाजूला हलवता, जोडता, बदलता येण्यासारख्या गोष्टी जितक्या जास्त, तितकी नवं काही करून बघायला जागा जास्त. त्यामुळे रिकामी खोकी, जुन्या ओढण्या, दोरी, कपड्यांचे चिमटे, झाकणं, पुठ्ठ्याच्या नळ्या. बटण दाबलं की गाणारी बाहुली गाणंच गाणार. ओढणी नदी होते, पंख होते, आजारी माणसाचं पांघरूण होते. घरात तीन वर्षांच्या आतलं भावंड असेल, तर तोंडात जाईल एवढं बारीक काही खाली ठेवू नका, आणि दोरीच्या वेळी जवळ असा.

हस्तकलेच्या संचांना मी नावं ठेवत नाही. सूचना वाचून क्रमानं काम पुरं करणं हे कौशल्यच आहे. पण खोक्यावरच्या चित्रासारखं झालं की नाही यावर यश ठरतं, म्हणजे पुन्हा तो फळ्यावरचा पक्षीच.

हे सगळं मोकळं सोडण्याबद्दल झालं. पण नुसतं मोकळं सोडून भागत नाही, आणि मला वाटतं पालकांपर्यंत ही बाजू कमी पोचते. लहान मुलांची कल्पनाशक्ती अफाट असते, मोठं होता होता आटते, असं आपण सर्रास म्हणतो. लेव व्हिगोत्स्की या रशियन मानसशास्त्रज्ञानं १९३० च्या सुमारास याच्या बरोबर उलट मांडणी केली. कल्पनाशक्ती अनुभवाच्या सामानातून घडते, मुलाजवळ ते सामान मोठ्या माणसापेक्षा कमी असतं, म्हणून मुलाची कल्पनाशक्ती मोठ्यांपेक्षा गरीब असते, असं तो म्हणतो. पहिल्यांदा वाचलं तेव्हा मला राग आला होता. मग एकदा शाळेतला नळ गळायला लागला.

नळ दुरुस्त करायला आलेल्या माणसाला मी विनंती केली, मुलांना बघू द्या. त्यानं पाना दाखवला, वॉशर काढून हातात दिला, मुख्य कॉक बंद करून ‘आता पाणी येईल का?’ असं विचारलं. सगळं मिळून वीस मिनिटं. त्यानंतर तीन आठवडे वर्गात तोच खेळ. आधी मुलं नुसती पाना फिरवत होती. मग पुठ्ठ्याच्या नळ्या जोडून भिंतीभर नळ टाकले गेले. मग कुणीतरी ठरवलं की या नळातून आवाज वाहतो आणि त्या नळातून झोप. झोपेचा नळ गळायला लागला आणि सगळे दुरुस्तीवाले पटापट आडवे झाले. झोपेचा नळ मला सात जन्मांत सुचला नसता, पण खरा वॉशर हातात घेतल्याशिवाय तो त्यांनाही सुचला नसता. मारिया मॉन्टेसोरी, ज्यांनी १९०७ मध्ये रोमला पहिलं बालगृह सुरू केलं, त्या लहान वयात परीकथांपेक्षा खऱ्या कामावर भर देत. परीकथांबाबत माझं त्यांच्याशी पटत नाही, खऱ्या कामाबाबत शंभर टक्के पटतं. तेव्हा तिला सोबत न्या: पंख्याला तेल घालताना, कपडे शिवताना, टपाल टाकताना. घाई नसेल तेव्हाच न्या, आणि प्रश्नमंजूषा करू नका.

कंटाळ्याचं उत्तर मी मुद्दाम इथे आणलं, कारण ते याच सामानावर अवलंबून आहे. डोक्यात काही साठलेलं असेल तर कंटाळ्यातून खेळ निघतो, पण त्याला वेळ लागतो. वर्गात मी घड्याळ लावून पाहिलंय, पहिली पंधरा-वीस मिनिटं बऱ्याचदा निव्वळ रेंगाळण्यात जातात. तुम्ही दहाव्या मिनिटाला नवं काहीतरी पुढे करत असाल, तर खेळ सुरू व्हायच्या आतच संपवता आहात. ‘कंटाळा आला’ म्हणाली की ‘हो का? मी इथेच भाजी निवडतेय’ एवढं म्हणा आणि खरोखर निवडत राहा. जवळ असा, पण मोकळ्या नसा. दिवसातून एखादा तास असा ठेवा की ज्यात कुठे जायचं नाही, कुणी हाक मारायची नाही. दोघंही नोकरी करणाऱ्या घरात हे रोज जमणार नाही, कळतं मला. आठवड्यातून तीनदा जमलं तरी फरक दिसतो. टीव्ही-मोबाइलच्या पडद्याबद्दल फार लिहीत नाही. जागतिक आरोग्य संघटनेनं २०१९ मध्ये दोन ते चार वर्षांच्या मुलांसाठी दिवसाला जास्तीत जास्त एक तास सांगितला आहे, तुमच्या मुलीलाही तोच लागू धरा. मात्र कंटाळा आला की लगेच पडदा, ही जोडी पडू देऊ नका.

एकच काम नक्की करा असं मला सांगायचं असेल, तर मी हे सांगेन: तिची गोष्ट लिहून घ्या. व्हिव्हियन पेली नावाच्या शिकागोतल्या बालवाडी शिक्षिका हे वर्षानुवर्षं करत राहिल्या, त्यांच्याकडून मी ते उचललं. मूल सांगेल ते शब्दशः लिहायचं, व्याकरण सुधारायचं नाही, ‘मग पुढे?’ म्हणून ढकलायचं नाही. मग ती वाचून दाखवायची आणि सगळ्यांनी मिळून करून बघायची. माझ्या वहीतली सगळ्यात लहान गोष्ट अशी आहे: ‘एक चप्पल होती. ती हरवली. मग तिला पाय सापडला.’ सांगणारी चार वर्षांची होती. वर्गानं ती गोष्ट अकरा वेळा केली, कारण प्रत्येकाला चप्पल व्हायचं होतं. तुमच्या मुलीला चित्र चुकण्याची भीती आहे. गोष्टीत तिची भीती कदाचित मधे येणार नाही.

क्लासचं राहिलं. जायच्या आधी एक तास मागे बसून बघायची परवानगी मागा. शेवटी सगळ्या मुलांच्या हातात एकच वस्तू असेल, तर लावू नका. वेगवेगळ्या असतील, काही अर्धवट असतील, एखाद्याच्या हातात काहीच नसेल आणि तरी शिक्षक शांत असतील, तर जरूर लावा. पण त्यातून तिची बुद्धी किंवा पुढचं यश वाढेल या हिशोबानं नको. लुटुपुटुच्या खेळानं सर्जनशीलता वाढतेच, असं आम्ही बालवाडीवाले छातीठोकपणे सांगत आलो. अँजेलिन लिलार्ड यांनी २०१३ मध्ये सगळे अभ्यास एकत्र तपासले, तर तसा भक्कम पुरावा नाही असं निघालं. मी वर्गात त्यानंतर काहीही बदललं नाही. मुलं खेळतात तेव्हा ती पूर्ण जागी असतात, मला तेवढं पुरतं.

डॉक्टरांकडे कधी जावं, हे इतर पालकांसाठी लिहिते, तुम्हाला लागू नाही. दोन-अडीच वर्षांचं मूल खोटा-खोटा फोन, खोटं-खोटं भरवणं असलं काहीच करत नसेल, आणि जोडीला बोट दाखवणं, नावानं हाक मारल्यावर वळणं, शब्द हेही कमी असेल, तर बालरोगतज्ज्ञांना दाखवा, वाट बघू नका.

तुम्ही आज रात्रीपासून सुरू करू शकता. वही-पेन्सिल घेऊन बसा आणि म्हणा, ‘ढुम्मानं आज काय केलं ते मला लिहून ठेवायचंय, तू सांग.’ ती गप्प राहिली तर तीन सेकंद थांबा. तरीही गप्प राहिली, तर वही उशाशी ठेवून दिवा मालवा.